पाळण्याचा कणा

रवि. १४ एप्रिल १९४६

डोक्याला टाके पडले. फौजदार जबानी घ्यायला येऊन गेले. दगड कोणी मारला ते मी पाहिले आहे, पण नाव सांगितले नाही. ते पुन्हा येतील. तोवर घडले ते जसेच्या तसे कुठेतरी असावे, माझ्या रागाने किंवा दयेने त्यात फेरफार होऊ नये, म्हणून लिहायला बसले. कॉलेज सुटल्यापासून रोजनिशी लिहिली नव्हती.

झाले ते असे. भैरोबाच्या देवळापुढे जत्रा कमिटीची सभा. कमिटीवर बायकांच्या वतीने मी, कारण मुलींच्या शाळेची हेडबाई. ठराव मी वाचला, कारण बाकीच्यांची छाती नव्हती. "देवाचा रहाटपाळणा जुना व धोक्याचा झाल्यामुळे यंदापासून फिरवला जाणार नाही. त्याच्या जागी सांगलीच्या ठेकेदाराचा लोखंडी, इंजिनावरचा पाळणा..." इथवर आले आणि दगड आला. मग पुष्कळ आले, पण तोवर मी खाली बसले होते.

अध्यक्ष आबा पाटील दीपमाळेमागे लपले. दीपमाळ बारीक आहे. आबा बारीक नाहीत. त्यांनाही दोन लागले.

ठराव रक्त लागून वाचण्याजोगा राहिला नाही. पुन्हा लिहून काढला.

सो. १५

भागू सकाळी देवळापुढून तोच दगड घेऊन आली. हौदावर घासून धुतला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"ठिवा बाई. लेकाचा हाय."

म्हणजे तिलाही माहीत आहे. भागू बारा वर्षे माझ्याकडे स्वयंपाकाला. नवरा नाही. एकुलता एक सदा, पलटणीत नाईक, बर्म्यातून फेब्रुवारीत सुटून आला. माझ्याच स्वयंपाकघरात बसून बाराखडी शिकलेला.

पाळण्याचे वेड या गावाला पहिल्यापासून. दोन खांब, मध्ये आडवा बाभळीचा कणा, त्यावर आरे, आऱ्यांना चार पाळणे. गडी आऱ्यांवरून माकडासारखे वर चढतात, टोकाला लोंबकळतात, त्यांच्या वजनाने रहाट खाली येतो. पलटणीत जाण्यापूर्वी सदासारखा चढणारा पंचक्रोशीत नव्हता. लढाईत सरकारने जत्रा बंद केल्या, पाळणा तसाच उभा राहिला. पण नवस बोलले गेले ते त्यालाच. नवसाचे मूल आईने मांडीवर घेऊन पाळण्यात पाच फेऱ्या मारायच्या, अशी रीत. लहान मुलांसाठी होती. लढाईत ती शिपायांना लागू झाली. आता घरोघरी मिशा असलेले नवस येऊन बसले आहेत.

परवा सदा आईला म्हणत होता, "आयं, मांडी मोडंल गं तुजी."

"गप रं. नऊ महिनं प्वाटात वागवलाय, पाच फेऱ्याला काय व्हतंय."

दुपारी त्याला बोलावले. दारातच उभा राहिला.

"दगड तू मारलास."

"व्हय."

"का?"

"तुमास्नी न्हवता मारला, बाई. कागदाला मारला."

"कागद छातीशी होता. पलटणीत नेम शिकवत नाहीत वाटते."

मान खाली. मग एकदम वर. "ततं खंदकात पोरं पान्यावानी मेली. मी मनात पाळन्याची करकर आयकायचो. आये वाट बगतीया, फेऱ्या मारायच्यात, म्हनून ऱ्हायलो जित्ता. आन तुमी म्हंता मोडा. नवस फिटल्याबगार मोडला तर पुन्यांदा दगुड मारीन. आदीच सांगतो."

मी म्हणाले, फिरवलास तर तुझी आई मरेल, तूही मरशील. तो हसला. मरणाची भीती त्याला घालणे हा माझाच मूर्खपणा.

मं. १६

ठराव कशावरून केला ते लिहिते.

पाडव्याला सगळ्या कमिटीने पाळणा पाहिला. गणपत सुताराने (त्याच्या आज्याने तो घडवला) हातोडीने ठोकून सांगितले, अजून दोन पिढ्या चालेल. ठोकले ते चिंध्यांवरून. कण्याला नवसाच्या तांबड्या चिंध्या गुंडाळलेल्या आहेत, चार बोटे जाड. नवस फिटल्याशिवाय चिंधी सोडायची नाही. लढाईभर एकही सुटली नाही, रोज नव्या चढल्या. मी शिडीवर चढले आणि छत्रीचे लोखंडी टोक चिंध्यांतून आत दाबले. अडले नाही. लाकडात वीतभर गेले. बाहेर काढले तर टोकाला ओला भुसा आणि आंबट वास.

दर रविवारी बायका त्या कण्यावर दूध आणि हळदीचे पाणी घालतात. मुलगा सुखरूप राहावा म्हणून. वरून चिंध्या, त्या वाळू देत नाहीत. पाळणा उभाच, म्हणून पाणी एकाच अंगाला मुरत राहिले.

हे मी कमिटीला सांगितले. आबा म्हणाले, "बाई, ठरावात नुसतं 'जुना' लिवा. दुधाचं नगा काडू. इशय नाजूक हाय." मी ऐकले. ऐकायला नको होते.

आज दाराशी माणसे. मुंबईच्या गिरणीतली रजा काढून आलेली, मेढ्याकडची, आटपाडीकडचे धनगर, सगळे पाळण्यासाठी. एक लोणंद स्टेशनचा हमाल, नामा. पोत्यात रोवून ओढायचा लोखंडी आकडा कमरेला तसाच. लहानपणापासून एक जत्रा चुकवली नाही म्हणे. ओट्यावर बसून मोठमोठ्याने रडला.

"आवं, वर गेलं की समदं दिसतं वो बाई. नदी दिसती, पार तिकडं डोंगूर दिसतू. वर्सभर पोती वढतू ते त्या येका घडीसाटनं. लोकंडी पाळन्यातनं त्ये दिसनार हाय व्हय?"

मी म्हणाले, डोंगर तोच आहे, लोखंडी पाळण्यातूनही दिसेल. त्याने माझी तुळशीची कुंडी उचलली आणि भिंतीवर फोडली. मग परत रडत बसला.

बु. १७

काल संध्याकाळी गणपतला निरोप पाठवला होता, गावासमोर चिंध्या सोड आणि कणा दाखव. तो हो म्हणाला.

आज दुपारी कोणीतरी त्याच्या सुतारमेटात शिरून त्याचा उजवा हात त्याच्याच ठोकळ्यावर ठेवला आणि त्याच्याच हातोड्याने मारला. मी गेले तेव्हा बायको हळद लावत होती. हाताला हाताचा आकार नाही.

"कोण होते?"

"दिसलं न्हाई बाई."

"भर दुपारी?"

"मी हाताकडंच बगत हुतो."

सदा त्यात होता का, हे विचारायचे धाडस मला झाले नाही. संध्याकाळी भागू न विचारता म्हणाली, "सदा दिसभर मळ्यात हुता, बाई. तुमच्या गळ्याशपत." माझ्या गळ्याची शपथ तिने यापूर्वी कधी घेतली नव्हती.

फौजदार आले होते. मामलेदारांचा हुकूम आल्याशिवाय पाळण्याला हात लावता येत नाही, म्हणाले. "माझ्याकडे मोजके शिपाई. समोर लढाईवरून आलेली माणसं. बाई, तुम्ही दगडवाल्याचं नाव द्या, त्याला आत टाकतो, बाकीचे थंड होतील."

एक नाव दिले की पाळणा थांबेल, असे त्यांचे गणित. मी म्हणाले, पाळणा थांबवा, मग नाव देते. टोपी घालून गेले.

गु. १८

चावडीवर जाऊन दुधाचे खरे ते सांगितले. गणपतच्या हातानंतर गप्प बसणे शक्य नव्हते.

आधी हसले. मग मी छत्रीच्या टोकाचा तो भुसा रुमालातून काढून दाखवला. शांत झाले. सदा भिंतीला टेकून उभा होता.

मागून कोणीतरी म्हणाले, "म्हंजी आमच्या बायकांनी नासवला म्हना की."

मी म्हणाले, दुधाने आणि पाण्याने नासला. श्रद्धेने घातले, कोणाचा दोष नाही. चिंध्या होत्या म्हणून कोणाला दिसले नाही.

इतके बोलले. त्यांनी त्यातला 'नासला' हा एकच शब्द ऐकला. उठून भराभर घरी गेले. मला वाटले पटले.

शु. १९

सकाळची शाळा. तिसरीत निम्म्या मुली गैरहजर. एकीला विचारले, बहीण का आली नाही? "आयला उटवंना, बाई. भन भाकरी करतीया."

"आईला काय झाले?"

"बानं चाबकानं मारलं. पाळना नासवला म्हनून."

मधल्या सुट्टीत गावातून फिरले. घराघरात तेच. कोणाचा डोळा बंद, कोणाचे मनगट सुजलेले. एका घरी सासूनेच सुनेला चुलीतल्या लाकडाने डागले. लढाईभर दोघी मिळून दूध घालायला जात होत्या. सून कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती. मारणाऱ्यांकडे बघावे तशी.

भागूला तिच्या दिराने मारले. दात हलतो आहे. सदा घरी आला, आईचे तोंड पाहिले, चुलत्याला ओढत उकिरड्यापर्यंत नेले आणि त्याचे दात पाडले. मग तिथून थेट देवळाकडे. पाळणा राखायला.

खरे सांगितले. ते कोणापुढे सांगते आहे, याचा विचार केला नाही. तर्कशास्त्रात मला पहिला वर्ग होता.

श. २०

सांगलीचा लोखंडी पाळणा दोन बैलगाड्यांतून आला. बरोबर इंजिन आणि ते चालवणारा माणूस, वयस्क, चष्मा लावलेला, गावचा नाही, कशाचा संबंध नाही. लोकांनी ओढ्यातच गाड्या अडवल्या. बैल सोडून दिले. गाड्या उलथल्या. पाळण्याच्या बसायच्या पेट्या दगडांनी चेचल्या. इंजिन दोर लावून डोहात ओढले. नामा हमाल सगळ्यांच्या पुढे, पोती ओढताना म्हणतात तसे ओरडत, मागचे साथ देत. सण असल्यासारखे.

इंजिनवाल्याने इंजिनाला मिठी मारली होती. त्याला सोडवेपर्यंत मारले. चष्म्याची काच डोळ्यात गेली. मी पोचले तेव्हा तो ओढ्याच्या वाळूत बसून एका डोळ्याने डोहाकडे पाहत होता. मला म्हणाला, "बाई, मी नुसतं चालवतो हो."

आबा पाटलांनी राजीनामा दिला. आजारी आहेत. कमिटीतले बाकीचेही आजारी आहेत.

रवि. २१

गावाने पाळण्याची परीक्षा घेतली. माझे म्हणणे खोटे पाडायला पाळण्यात माणसांऐवजी जोंधळ्याची पोती ठेवली, आईचे एक आणि लेकाचे एक, अशी जोडीने. सदा आऱ्यावर चढला. वरची आणि खालची, गावाच्या दोन्ही आळ्यांची माणसे गोळा झालेली. तो टोकाला गेला, लोंबकळला आणि रहाट फिरला.

इतक्या वर्षांनी ती करकर. म्हातारी माणसे रडली. एकाने पागोटे काढून हातात धरले. मारलेल्या बायका पदराआडून वर बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता. सदा वरून खाली, खालून वर. त्याचे तोंड लहान मुलाचे झाले होते.

मला काही वाटले नाही असे लिहिले तर खोटे होईल. लग्नाआधी एकदा मीही बसले होते.

पाळणा मोडला नाही. ओरडा झाला, "बाई हारली! बाई हारली!" सदा खाली उतरून माझ्यासमोर आला. घाम. "बगितलं न्हवं, बाई?"

"पाहिले. चिंध्यांतून पाणी गळते आहे, तेही पाहिले. बघ खाली. उन्हाळ्यात."

त्याने खाली पाहिले. मातीत पिवळसर थेंब पडलेले. पायाने पुसून टाकले.

पोते पाळण्यात मुकाट पडून राहते. माणूस हलतो, घाबरतो, लेकाला घट्ट धरतो, एका बाजूला कलतो. हे फौजदारांना सांगितले. ते म्हणाले, "जोंधळा पडला नाही, माणसं कशाला पडतील?" जत्रा बुधवारी. आया-लेकांच्या फेऱ्या सकाळीच सुरू होणार. पहिली भागूची, सदाने पाळणा राखला म्हणून मान.

सो. २२

भागूला म्हणाले, चल.

जेवणवेळ होती. देवळापुढे राखणीला एक धनगर, तो झोपलेला. शिडी तिथेच. मी खाली धरली, ती चढली. कण्यावर तिच्याही चिंध्या आहेत, पुष्कळ. कुठली आपली ते तिने लगेच ओळखले.

"बोट घाल," मी म्हणाले.

"पाप लागंल."

"लागू दे. घाल."

बोट घातले. मग हात. कोपरापर्यंत गेला. तिने हात बाहेर काढला तेव्हा त्यावर पांढरे किडे होते. झटकले नाहीत. हात नाकाशी नेला.

"दह्याचा वास येतुया, बाई."

उतरली. घरी आलो. भाकऱ्या थापल्या. मला वाढले. मग भांडी घासता घासता, पाठमोरीच:

"सदाला सांगितलं तर आयकंल?"

"नाही."

"मी बसले न्हाई तर?"

"दुसरी कोणी बसेल. तो आऱ्यावर चढणारच."

भांडी घासून झाली. तव्यावरचे पाणी झटकले.

"बाई, राकेल किती हाय?"

"रेशनचे आहे. डबा अर्धा भरलेला. गेले तर महिनाभर अंधारात बसावे लागेल."

"बसू की."

मी उठले, देवघरातली काड्यापेटी आणून चुलीजवळ ठेवली. तिने काही विचारले नाही, मीही नाही. विचारायला हवे होते असे आताही वाटत नाही.

मं. २३

सकाळी कण्याला बोकड. मान तोडून धड उचलून धरले आणि रक्त चिंध्यांवर घातले. इतके दूध मुरले, त्यात हेही.

दुपारी पालखी नदीवर आंघोळीला. ढोल, हलग्या, सासनकाठी. उंच बांबूची ती काठी सदाच्या खांद्यावर. गाव रिकामा. भागू म्हणाली, "जाऊन येते." पदराखाली डबा. मी शाळेच्या ओट्यावर उभी राहिले; तिथून देऊळ दिसते.

चिंध्यांनी आधी धूर दिला. ओल्या. मग राकेलचा भडका, आणि एकदा वरच्या वाळल्या आऱ्यांना आग लागल्यावर सगळाच रहाट उजळला. भागू डबा हातात घेऊन तिथेच उभी. पळ म्हणून मी ओरडले. तिला ऐकू गेले असणार.

धूर नदीवर दिसला. ढोल थांबले. मग ओरडत आले.

मी पोचले तोवर तिला खाली पाडले होते. हातात जे होते त्याने मारत होते. हलगीच्या टिपऱ्या, पालखीपुढच्या काठ्या, ओली धोतरे पिळून. बायकाही होत्या. भागू ओरडत नव्हती. दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरलेला. कण्याचे दोन तुकडे होऊन रहाट मागे कोसळला, तेव्हा एक क्षण सगळे थांबले. तुकडा फुटून गडगडत आला. आतून काळा, पोकळ, फेसाळलेला. सगळ्यांनी पाहिला. आणि पुन्हा मारायला लागले.

सदा मागून आला. त्याने सासनकाठी टाकली. देवाची काठी जमिनीला लागली म्हणून आणखी ओरडा. तो माणसांतून घुसला आणि आईवर पालथा पडला, चारही हातपाय टेकून, बॉम्ब पडताना पडतात तसा. बांबू त्याच्या डोक्यात बसला. नामा हमालाने आकडा पोत्यात रोवावा तसा त्याच्या पाठीत रोवला आणि ओढला.

मी छत्री दोन्ही हातांनी धरून नामाच्या मनगटावर मारली. पुन्हा मारली. दांडा मोडला तेव्हा त्याच्या हातातून आकडा सुटला. मग मोडक्या दांड्याने तोंडावर मारले. किती, ते आठवत नाही. एक्कावन्नाव्या वर्षी माणसाचे तोंड फोडले, आणि थांबावेसे वाटले नाही. कोणीतरी मला मागून धरले. गणपत होता, डाव्या हाताने.

सदा म्हणत होता, "आयं, हायस न्हवं? आयं, बोल." नंतर त्याचे बोलणे बंद झाले.

बु. २४, मिरज

काल दिवस मावळायच्या आत गाडी जोडली. गावातला एकही गाडीवान तयार नव्हता. गणपतच्या बायकोने बैल हाकले. ताकारी स्टेशनपर्यंत वाट खडबडीत. पाठीला धक्का लागू नये म्हणून सदाला भागूने मांडीवर घेतले. सहा फुटी माणूस, पाय गाडीबाहेर. तिची एक फासळी मोडली आहे हे इथे आल्यावर कळले. तेव्हा बोलली नाही.

गाव मागे पडल्यावर ती वाकून चाकाकडे बघायला लागली. कण्याची करकर. ओठ हलत होते.

"काय बघतेस?"

"चाक, बाई."

मग बऱ्याच वेळाने, "मांडीवर हाय. चाक फिरतंय. पाचाच्या वर झाल्या." माझ्याकडे पाहिले. "फिटला म्हनायचा का?"

या गोष्टी मी मानत नाही, हे तिला माहीत आहे. तरी मलाच विचारले.

सदाला शुद्ध नाही. डॉक्टर म्हणतात, डोक्याचे आत्ता सांगता येत नाही.

आज जत्रा होती.

सो. २९

शाळेसाठी परत आले. भागू तिकडेच. सदाने काल डोळे उघडले. आईला ओळखले की नाही, तिला समजत नाही. भाकरी दिली तर चावतो.

देवळापुढची राख झाडलेली. बाभळीचे नवे खोड येऊन पडले आहे, साल न काढलेले. वरच्या आळीने रानातले झाड दिले, खालच्या आळीने तोडून ओढून आणले. दोन्ही आळ्या एका कामाला लागल्याचे मी पहिल्यांदा पाहिले. गणपतला विचारले. तो डाव्या हाताने तासायला शिकतो आहे म्हणाला.

खोडाला एक तांबडी चिंधी बांधलेली. हात लावून पाहिला. ओली होती.

चावडीवर बायका बसल्या होत्या. डागलेली ती सूनही. मी म्हणाले, "निदान पाणी घालू नका."

ती म्हणाली, "आवं बाई, मग देवाला कळायचं कसं?"

सकाळी नामा हमाल ओट्यावर येऊन बसला होता. तोंड सुजलेले, मी मारलेले. "बाई, मी नुसता पाळन्यात बसाया आल्तो." पुन्हा रडला. सदा कसा आहे विचारले. मी आत जाऊन दार लावून घेतले.

दुपारी फौजदार. देवाची वस्तू जाळली म्हणून गावाने भागूवर फिर्याद दिली आहे. तिला केव्हा आणता, म्हणाले.

मी जबानी दिली. "लिहा. राकेल माझ्या रेशनचे. डबा माझा. काड्यापेटी मी दिली. पाळणा नाहीसा व्हावा ही इच्छा माझी, ठराव माझ्या सहीचा."

"आणि हात कुणाचा?"

"जेवढे सांगितले तेवढे लिहा."

त्यांनी लिहिले. सही केली. उद्या मामलेदार कचेरीत हजर व्हायचे आहे. जामीन होईल असे त्यांना वाटते. शाळेचे काय होईल ते कोणाला सांगता येत नाही.

फौजदारांच्या हवाली केले ते:

राकेलचा डबा, रिकामा, चेपलेला, एक.

छत्री, दांडा मोडलेली, एक.

हमालाचा आकडा, लोखंडी, मुठीला लाकूड, एक. कोणाचा, ते नावासह सांगितले.

कण्याचा जळका तुकडा, आतून पोकळ, एक. तो घ्यायला ते नको म्हणत होते. घ्यायला लावला.

मग त्यांनी दगड मागितला, चौदा तारखेचा, आणि तो मारणाऱ्याचे नाव. आकड्याचे नाव मी लगेच दिले होते. तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. दगड टेबलावरच होता, त्यांच्या कोपराशी, माझ्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेला. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला, खालचा जबानीचा कागद घेतला, आणि उद्या लवकर या म्हणाले.

दगड अजून टेबलावर आहे. भागू आली की तिला परत द्यायचा आहे.